आज्ञावली-स्वाक्षरी

आज्ञावली-स्वाक्षरी : संगणकाची आज्ञावली (सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांकडे पाठविण्यापूर्वी तिच्यावर निर्मात्याची अंकीय स्वाक्षरी करण्याची पद्धत. आज्ञावली कोणाकडून आली व वाटेत तिच्यात फेरबदल झाला की काय, याची खातरजमा तीमुळे होते.

लेखाची सत्यता राखण्याची निकड जुनीच आहे. मराठी राज्याच्या पत्रांवर शिरोभागी शिक्का व शेवटी मोर्तब उमटवीत. मोर्तबाने मजकुराची सीमा ठरे व पुढे भर घालण्यास आळा बसे. मात्र शिक्का कागदावर पडे. अंकीय स्वाक्षरी मजकुरापासूनच घडते. आज्ञावलीतून गणिती रीतीने ठराविक लांबीचा सारांक काढून निर्माता त्यावर आपल्या खाजगी किल्लीने स्वाक्षरी करतो. ती सार्वजनिक किल्लीने कोणालाही पडताळता येते. एक अक्षर बदलले, तरी सारांक जुळत नाही. किल्ली कोणाची, याची ग्वाही सामान्यतः प्रमाणन संस्था देते.

इतिहास : अशा स्वाक्षरीची कल्पना व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली. रिव्हेस्ट, शामिर व एडलमन यांनी १९७७ मध्ये ती व्यवहार्य केली. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये ‘ऑथेंटिकोड’ ही आज्ञावली-स्वाक्षरीची पद्धत आणली. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये अंकीय स्वाक्षरीस कायदेशीर मान्यता मिळाली. महाराष्ट्रात १ मे २०१८ रोजी अंकीय स्वाक्षरीचा सातबारा उतारा उपलब्ध झाला. त्यामुळे पारशिवनीसारख्या (जि. नागपूर) तालुक्यातील खातेदारास तलाठ्याच्या सहीशिक्क्यासाठी हेलपाटे न घालता उतारा मिळविण्याची सोय झाली. स्वाक्षरीचे तत्त्व दोहोंत एकच असले, तरी उतारा केवळ वाचला जातो, तर आज्ञावली संगणकाकडून कामे करवून घेते. त्यामुळे तिच्यातील बनावटीचा धोका मोठा असतो.

मर्यादा : स्वाक्षरी निर्माता सांगते, निर्दोषता नव्हे. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ या घातक आज्ञावलीवर तैवानमधील दोन कंपन्यांच्या चोरलेल्या किल्ल्यांनी केलेल्या स्वाक्षऱ्या होत्या. २०२० मध्ये उघड झालेल्या ‘सोलरविंड्स’ प्रकरणात घातक भाग स्वाक्षरीपूर्वीच मिसळला गेल्याने सदोष आज्ञावली अस्सल म्हणून वितरित झाली. किल्लीच्या चोरीस आळा घालण्यासाठी, सार्वजनिक प्रमाणन संस्थांनी ग्वाही दिलेल्या आज्ञावली-स्वाक्षरीच्या खाजगी किल्ल्या सुरक्षित उपकरणातच ठेवण्याचे बंधन जून २०२३ पासून घालण्यात आले. निर्मितीच्या जागी होणारी भेसळ मात्र अशा उपकरणाने टळत नाही. त्यासाठी निर्मितीची प्रत्येक पायरी तपासावी लागते.