ॲपल फ्रिटर

ॲपल फ्रिटर अथवा सफरचंदाची भजी हा एक तळलेला गोड पदार्थ आहे. सोललेल्या सफरचंदाच्या चकत्या किंवा फोडी मैद्याच्या सरसरीत पिठात बुडवून तेलात तळल्या जातात आणि गरम असतानाच त्यांवर साखर व दालचिनीची पूड भुरभुरवली जाते. हा पदार्थ मूळचा युरोपातील असून जर्मनी, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स, फ्रान्स, इटली व इंग्लंड या देशांत तो घरोघरी केला जातो. अमेरिकेत याच नावाने ओळखला जाणारा पदार्थ कृतीने व रूपाने बराच वेगळा आहे. बाहेरून कुरकुरीत आवरण आणि आत मऊ, किंचित आंबट फळ हे चांगल्या फ्रिटरचे लक्षण मानले जाते.

नाव

इंग्रजीतील ‘फ्रिटर’ हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतील ‘फ्रितुर’ या शब्दावरून आला असून त्याचे मूळ ‘तळणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. मराठीतील ‘तळण’ या शब्दाप्रमाणेच त्याचा मूळ अर्थ व्यापक आहे. फळे, भाज्या, मासे यांपैकी काहीही पिठात घोळवून तळले तरी त्यास फ्रिटर म्हणतात. दक्षिण जर्मनीत सफरचंदाच्या या पदार्थाला ‘आप्फेलक्युशले’, ऑस्ट्रियात ‘आप्फेलराडल’, नेदरलँड्समध्ये ‘आपेलबेन्ये’, फ्रान्समध्ये ‘बेन्ये ओ पोम’ आणि इटलीत ‘फ्रित्तेल्ले दी मेले’ अशी नावे आहेत. मराठीत ‘सफरचंदाची भजी’ हे नाव समजण्यास सोपे आहे. मात्र या पदार्थात बेसन, तिखट किंवा मसाला नसतो, हे ध्यानात ठेवावे लागते.

इतिहास

इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या मुदपाकखान्यातील मुख्य आचाऱ्यांनी इ.स. १३९० च्या सुमारास संकलित केलेल्या ‘द फॉर्म ऑफ क्युरी’ या पाककृतिसंग्रहात सफरचंदाच्या फ्रिटरची कृती आढळते. तीत सफरचंदांबरोबरच पार्सनिप व स्किरेट ही कंदमुळेही वापरली आहेत. पीठ व अंडी यांचे मिश्रण एल नावाच्या बिअरने व यीस्टने फुगवून त्यात केशर व मीठ घालावे, अर्धवट शिजवलेल्या फोडी त्यात बुडवून तळाव्यात आणि बदामाच्या दुधाबरोबर वाढाव्यात, असा त्या कृतीचा आशय आहे. सहाशेहून अधिक वर्षांनंतरही फळ, पिठाचे आवरण आणि तळण ही मूळ रीत कायम आहे.

ख्रिस्ती परंपरेत ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळला जात असे. त्या काळात अंडी, दूध व चरबी वर्ज्य असल्याने उपवास सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारी घरातील हे जिन्नस संपवण्यासाठी तळणीचे पदार्थ करण्याची प्रथा पडली. फ्रिटर हा त्यांपैकीच एक होय. सॅम्युएल पेपिस याच्या प्रसिद्ध रोजनिशीत १६६१ सालच्या अशाच मंगळवारी खाल्लेल्या फ्रिटरची प्रशंसा आहे. नेदरलँड्समध्ये हा पदार्थ ३१ डिसेंबरच्या रात्री ‘ओलीबोलेन’ या तळलेल्या गोळ्यांच्या जोडीने खाल्ला जातो. ज्यू लोकांच्या हनुक्का सणात तेलात तळलेल्या पदार्थांना धार्मिक महत्त्व असल्याने काही घरांत त्या निमित्ताने सफरचंदाचे फ्रिटर केले जातात.

प्रकार

चकतीचे फ्रिटर: मधला बिया असलेला भाग पोखरून काढून सफरचंदाच्या आडव्या, कड्यासारख्या चकत्या कापतात व त्या एकेक करून पिठात बुडवून तळतात. मध्य युरोपात हा प्रकार रूढ आहे. जर्मनीत तो व्हॅनिलाच्या सॉसबरोबर किंवा आइसक्रीमबरोबर वाढतात.

चमच्याने सोडलेले फ्रिटर: सफरचंदाचे बारीक तुकडे घट्टसर पिठात मिसळून ते मिश्रण चमच्याने तेलात सोडतात. घाईच्या वेळी घरी करण्यास हा प्रकार सोयीचा आहे. पोलंडमधील ‘रात्सुखी’ हा पदार्थ या जातीचा असला तरी तो कमी तेलात, तव्यावर भाजल्यासारखा तळतात.

अमेरिकी फ्रिटर: यीस्टने फुगवलेल्या डोनटच्या कणकेत सफरचंदाचे तुकडे व दालचिनी मिसळून ओबडधोबड आकाराचे मोठे तुकडे तळतात व त्यांवर साखरेचे पातळ, चकचकीत लेपन देतात. हा डोनटच्या दुकानांतील पदार्थ होय.

पाकातले सफरचंद: उत्तर चीनमध्ये पिठात तळलेल्या फोडी साखरेच्या गरम पाकात घोळवतात. पानात घेतलेली फोड थंड पाण्यात क्षणभर बुडवली की पाकाचे कडक, काचेसारखे कवच तयार होते.

सफरचंदाची निवड

सफरचंदात वजनाने सुमारे ८५ टक्के पाणी असते. तळताना हे पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. फळ फार रसाळ व भुसभुशीत असल्यास आवरण आतून ओलसर राहते आणि फोड विरघळल्यासारखी होते. म्हणून घट्ट गराचे व आंबटगोड फळ निवडतात. आंबटपणामुळे साखरेच्या व तळणीच्या चवीला उठाव येतो.

नेदरलँड्स व जर्मनीत यासाठी ‘बोस्कोप’ ही आंबट जात पसंत केली जाते. ऑस्ट्रेलियात उगम पावलेले हिरवे ‘ग्रॅनी स्मिथ’ शिजल्यावरही आकार टिकवते. इंग्लंडमधील ‘ब्रॅम्ली’ हे स्वयंपाकाचे प्रसिद्ध सफरचंद चवीला उत्तम असले तरी शिजताच त्याचा लगदा होतो. त्यामुळे त्याच्या चकत्या जाडसर ठेवाव्या लागतात. भारतीय बाजारात मुख्यत्वे काश्मीर व हिमाचल प्रदेशातील ‘डेलिशस’ गटातील गोड सफरचंदे मिळतात. हंगामातील ताजे, टणक फळ घेऊन त्यावर लिंबाचा रस लावल्यास ती फ्रिटरसाठी चालतात. बरेच दिवस साठवलेले, पिठूळ झालेले फळ मात्र टाळणे इष्ट होय.

घटक

चार जणांसाठी साधारण पुढील प्रमाण घेतले जाते.

सफरचंदे: ३ मध्यम
मैदा: १२५ ग्रॅम
बेकिंग पावडर: १ छोटा चमचा
साखर: १ मोठा चमचा
मीठ: चिमूटभर
अंडे: १
दूध: सुमारे १२० मिलिलिटर
लिंबाचा रस: १ मोठा चमचा
तळण्यासाठी रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल
वरून भुरभुरवण्यासाठी पिठीसाखर ४ मोठे चमचे व दालचिनीची पूड १ छोटा चमचा

अंडे न खाणाऱ्या घरांत मैद्यापैकी सुमारे २५ ग्रॅमऐवजी कॉर्नफ्लोअर घेतात आणि दूध व अंडे यांच्या जागी थंडगार सोडावॉटरने पीठ भिजवतात. सोड्यातील वायूमुळे आवरण हलके होते आणि कॉर्नफ्लोअरमुळे त्यास कुरकुरीतपणा येतो.

कृती

मैदा, साखर व मीठ एकत्र करून त्यात अंडे व दूध घालून पीठ भिजवतात. पीठ बटाट्याच्या भज्यांच्या पिठाइतके सरसरीत असावे. चकती बुडवून उचलली असता तिच्यावर सर्व बाजूंनी थर राहावा आणि जादाचे पीठ सावकाश ओघळून जावे. पीठ फार फेटले जात नाही. अधिक फेटल्याने मैद्यातील ग्लुटेन ताणले जाऊन आवरण चिवट होते; बारीकसारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतात. पीठ वीस मिनिटे झाकून ठेवतात व तळण्याच्या अगदी आधी त्यात बेकिंग पावडर मिसळतात.

दरम्यान सफरचंदे सोलून, मधला भाग काढून सुमारे ८ ते १० मिलिमीटर जाडीच्या चकत्या करतात. कापलेल्या फळातील विकरांचा हवेशी संपर्क येऊन ते काळवंडते; लिंबाच्या रसातील आम्लामुळे ही क्रिया मंदावते. चकत्यांवर साखर घालून त्या फार वेळ ठेवू नयेत, कारण साखर फळातील पाणी बाहेर खेचते. पिठात बुडवण्यापूर्वी चकत्या स्वच्छ फडक्याने टिपून कोरड्या करणे ही या कृतीतील सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. ओल्या चकतीवरून पीठ घसरते आणि तेलही उडते. टिपल्यानंतर चकत्यांवर थोडा कोरडा मैदा भुरभुरवल्यास पीठ अधिक चांगले धरते.

खोलगट कढईत तेल तापवतात. तेलाचे तापमान १७५ ते १८० अंश सेल्सियस असावे. तापमापक नसल्यास पिठाचा थेंब तेलात टाकून पाहतात: तो तळाशी बसून राहिल्यास तेल थंड, लगेच वर येऊन मंद गतीने सोनेरी होऊ लागल्यास योग्य, आणि क्षणात काळपट झाल्यास फार तापलेले समजावे. एका वेळी तीन-चार चकत्याच सोडतात व प्रत्येक बाजू सुमारे दोन मिनिटे तळतात. दोन्ही बाजू सोनेरी तांबूस झाल्यावर झाऱ्याने काढून, निथळून, साखर-दालचिनीच्या मिश्रणात घोळवतात.

तळणीमागील शास्त्र

फ्रिटर तेलकट होण्याचे कारण तेलाच्या प्रमाणापेक्षा त्याच्या तापमानात अधिक असते. योग्य तापलेल्या तेलात पिठातील व फळातील पाण्याची वेगाने वाफ होते. ती सतत बाहेर पडत असेतोवर तेलाला आत शिरण्यास फारसा वाव मिळत नाही. तेलाभोवती दिसणारे बुडबुडे म्हणजे हीच वाफ होय. तेल थंड असल्यास वाफेचा जोर कमी पडतो, आवरण घट्ट होण्यास वेळ लागतो आणि त्यात तेल मुरते. एका वेळी अनेक चकत्या सोडल्यानेही तेलाचे तापमान एकदम उतरते.

तेलाचा मोठा भाग पदार्थ कढईबाहेर काढल्यानंतर शोषला जातो. आतील वाफ थंड होऊन आकसते तेव्हा पृष्ठभागावर राहिलेले तेल छिद्रांतून आत ओढले जाते. त्यामुळे बाहेर काढताच काही क्षणांत तेल निथळून टिपून घेणे उपयुक्त ठरते. निथळलेली भजी एकावर एक रचून ठेवल्यास वाफ कोंडून ती मऊ पडतात. जाळीवर सुटी मांडल्यास कुरकुरीत राहतात.

आवरणाचा सोनेरी रंग व खमंग वास हे साखर व प्रथिने यांच्यातील उष्णताजन्य अभिक्रियेचे फळ आहे. पिठात साखर अधिक झाल्यास आतील फळ शिजण्यापूर्वीच वरचे आवरण करपते. यामुळे पिठात साखर बेताची ठेवून गोडी वरून देण्याची पद्धत रूढ झाली.

सुरक्षितता

घरगुती तळणीत भाजण्याचा व आगीचा धोका असतो. कढई अर्ध्यापेक्षा अधिक भरू नये आणि तापते तेल सोडून जाऊ नये. तेलातून धूर येऊ लागल्यास आच ताबडतोब बंद करावी. तेलाने पेट घेतल्यास त्यावर पाणी कदापि ओतू नये. पाण्याची क्षणात वाफ होऊन पेटते तेल सभोवार उडते. गॅस बंद करून कढईवर धातूचे झाकण ठेवावे, कढई जागेवरून हलवू नये व ती पूर्ण थंड होईपर्यंत झाकण काढू नये. अंगावर तेल उडाल्यास भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरणे हा मान्य प्रथमोपचार आहे. बर्फ, टूथपेस्ट वा हळद लावणे योग्य नाही. भाजल्याची व्याप्ती मोठी असल्यास वैद्यकीय मदत घेणे आवश्यक असते.

एकदा वापरलेले तेल गाळून ठेवून लवकर संपवावे. तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात ध्रुवीय संयुगांचे प्रमाण वाढते. भारतात खाद्यपदार्थ विक्रेत्यांसाठी ही मर्यादा २५ टक्के असून ती १ जुलै २०१८ पासून लागू आहे. घरी गडद झालेले, फेसाळणारे किंवा खवट वासाचे तेल वापरातून काढणे हा सोपा निकष होय.

मराठी खाद्यपरंपरेतील समांतर पदार्थ

महाराष्ट्रात सफरचंद हे पारंपरिक पीक नसल्याने त्याचे तळीव पदार्थ जुन्या स्वयंपाकात नाहीत. फळ वा फळभाजी पिठात घालून गोड तळण्याची रीत मात्र परिचित आहे. पिकलेल्या केळ्यांचे गुलगुले व भजी आणि लाल भोपळ्याचे घारगे ही त्याची उदाहरणे होत. घारग्यांत भोपळा व गूळ शिजवून कणकेत मळतात, तर फ्रिटरमध्ये फळ अखंड राहते, हा दोहोंतील मुख्य फरक आहे. गोव्यात केळ्यांपासून ‘फिलोज’ केले जातात. त्यांचे नाव पोर्तुगीज ‘फिल्योश’ या तळलेल्या पदार्थावरून आले आहे.

हेसुद्धा पहा

सफरचंद
भजी
गुलगुले
घारगे
डोनट