शेवटच्या प्रवेशाचा आकडा

जून-जुलैत मराठी घरांत एक क्रियापद फार वापरलं जातं : लागणे. निकाल लागतो, यादी लागते, नंबर लागतो आणि कटऑफही लागतो. ‘कॉम्प्युटरचा कटऑफ यंदा कितीला लागला?’ असं विचारताना आपण मनात धरून चालतो, की कुणीतरी अधिकारी खुर्चीत बसला, त्याने एक आकडा ठरवला आणि फळ्यावर लावला. गेली काही वर्षं मी अभियांत्रिकी प्रवेशाच्या जुन्या माहितीपुस्तिका आणि कटऑफच्या याद्या गोळा करतो आहे. काही रद्दीवाल्यांकडून मिळाल्या, काही निवृत्त प्राध्यापकांच्या माळ्यावरून. मी अभियंता नाही, शिक्षणतज्ज्ञ तर नाहीच. पण जुन्या गावांचा अभ्यास करणारा जसा जमाबंदीचे कागद वाचतो, तशा या याद्या वाचता येतात असं माझ्या लक्षात आलं. आणि वाचू लागल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की तो फळ्यावरचा अधिकारी अस्तित्वातच नाही.

एका शाखेत साठ जागा आहेत. मुलं गुणवत्ता क्रमाने एकामागून एक येतात, आपापली पसंती सांगतात. कुणी ही शाखा घेतो, कुणी दुसरीकडे जातो. साठावी जागा ज्या मुलाला किंवा मुलीला मिळाली, त्याचा क्रमांक म्हणजे त्या शाखेचा कटऑफ. तो आधी ठरत नाही. प्रवेश झाल्यावर उरतो. चिखलात पाऊल उमटावं तसा. जाणारा निघून गेलेला असतो, आपण ठसा बघत बसतो. ‘बंद झाला’ हा आपल्याकडचा दुसरा वाक्प्रचार त्यामानाने जास्त खरा आहे.

आयआयटी मुंबईची संगणकशास्त्र शाखा खुल्या गटात गेली काही वर्षं देशातल्या साठ ते सत्तर क्रमांकांच्या दरम्यान बंद होते. त्या विभागाने ‘आम्हाला सत्तरच्या आतलीच मुलं हवीत’ असं कधी म्हटलेलं नाही. देशभरातली वरची मुलं एकाच वर्गाच्या दिशेने चालतात, म्हणून दार तिथे बंद होतं. उद्या त्यांनी वाट बदलली तर तोच वर्ग, तेच शिक्षक, त्याच प्रयोगशाळा असूनही आकडा हजारावर जाईल. कटऑफ महाविद्यालयाची गुणवत्ता मोजतो असं आपण समजतो. तो मोजतो लोकांची ओढ.

आता या ठशांचा महाराष्ट्रातला इतिहास. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला राज्यात अभियांत्रिकीची महाविद्यालयं मोजकीच होती : पुणे, कराड, औरंगाबाद, अमरावती इथली सरकारी, मुंबईचं व्हीजेटीआय, अंधेरीचं सरदार पटेल, सांगलीचं वालचंद, नागपूरचं विश्वेश्वरय्या आणि अशी आणखी थोडी. १९८३मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली आणि चित्र बदललं. प्रवेश तेव्हा बारावीच्या भौतिकी, रसायन, गणित या तीन विषयांच्या गुणांवर व्हायचा. माझ्या पिढीला ‘पीसीएम किती?’ हा प्रश्न आपल्या नावाइतका पाठ आहे. एका गुणावर शेकडो मुलं अडकलेली असायची.

नव्या महाविद्यालयांत दोन दरवाजे होते. एक यादीचा, दुसरा देणगीचा. आणि देणगीच्या दारावर कुठलाही आकडा लिहिलेला नसे. १९८७चा कॅपिटेशन फी बंदी कायदा त्यासाठीच आला. कायद्याने देणगी बंद झाली असं कुणी म्हणणार नाही, पण तिला पावती मिळेनाशी झाली एवढं खरं.

१९९३च्या उन्नीकृष्णन निकालात सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित महाविद्यालयांच्या जागा निम्म्या ‘फ्री’ आणि निम्म्या ‘पेमेंट’ अशा वाटून दिल्या. दोन्ही गुणवत्तेनेच भरायच्या, फरक फीचा. माझ्या दृष्टीने या सगळ्या साधनांतला सर्वांत बोलका काळ हाच. एकच महाविद्यालय, एकच शाखा, एकच वर्ग, शेजारीशेजारी बाकं, आणि बंद होणारे आकडे दोन. त्या दोन आकड्यांतलं अंतर म्हणजे बापाच्या खिशाने भरून काढलेले गुण. पैशाची किंमत गुणांत इतकी उघडपणे छापली गेली, असं मला दुसरीकडे कुठे आढळलेलं नाही. २००२च्या टी. एम. ए. पै निकालाने ही योजना मोडली आणि तो उघडेपणाही गेला.

पुढचा प्रवास भरभर सांगतो, कारण तो बराचसा नियमावल्यांचा आहे. नव्या शतकात राज्याची सीईटी आली; बारावीच्या गुणांचं राज्य संपलं. २०१४ आणि २०१५ ही दोन वर्षं महाराष्ट्राने जेईई मेन आणि बारावी यांना निम्मं-निम्मं वजन देऊन प्रवेश केले. २०१६मध्ये सीईटी परत आली. २०१९पासून ती संगणकावर, वेगवेगळ्या सत्रांत होऊ लागली आणि गुणांच्या जागी पर्सेंटाइल बसलं.

इथे थांबायला हवं, कारण पर्सेंटाइल हा शब्द टक्केवारीच्या वेषात घरात शिरला आहे. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, काठिण्य वेगळं. म्हणून ‘तुमच्या सत्रातली शंभरातली किती मुलं तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत’ एवढंच मोजायचं, असा तो हिशेब. तीन लाख मुलं बसली असं धरू. ९९ पर्सेंटाइलच्या मुलापुढे साधारण तीन हजार मुलं असतात. ९८ म्हणजे सहा हजार. एका पर्सेंटाइलच्या फटीत तीन हजार मुलं उभी आहेत, म्हणूनच तो आकडा दशांशानंतर सात स्थळांपर्यंत ताणावा लागतो. आता पुढच्या वर्षी चार लाख बसली, तर त्याच ९९च्या पुढे चार हजार असतील. जागा तेवढ्याच राहिल्या तर त्याच पर्सेंटाइलला मागच्या वर्षी मिळालेली शाखा यंदा मिळणार नाही, आणि घरात कुणीतरी म्हणेल, ‘गेल्या वर्षी तर मिळत होती, यंदा काहीतरी घोळ आहे.’ घोळ काही नाही. दोन वर्षांची तुलना करायची तर पर्सेंटाइल बाजूला ठेवून गुणवत्ता क्रमांक बघावा, आणि त्यासोबत त्या शाखेच्या जागा वाढल्या की घटल्या तेही.

राज्याच्या यादीत आकड्याच्या डोक्यावर एक सांकेतिक शब्द असतो. जी-ओपन-एच, एल-ओपन-ओ, जी-एससी-एस असे. पालक याला कंटाळतात. मला यादीतला हाच भाग सर्वांत आवडतो. सुरुवातीचा ‘जी’ सर्वसाधारण, ‘एल’ मुलींसाठीच्या तीस टक्के जागांचा. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचा ‘एच’ म्हणजे त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातला विद्यार्थी, ‘ओ’ बाहेरच्या क्षेत्रातला, ‘एस’ राज्यस्तरावरचा. हा इवलासा ‘एच’ म्हणजे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यातल्या जुन्या वादाची खूण आहे. आमच्याकडची महाविद्यालयं पुण्या-मुंबईच्या मुलांनी भरली तर आमच्या मुलांनी जायचं कुठे, हा प्रश्न राज्य झाल्यापासूनचा. १९८४मध्ये वि. म. दांडेकरांच्या समितीने प्रादेशिक अनुशेष आकड्यांत मांडला. वैद्यकीय प्रवेशातली अशी विभागवार वाटणी १९८६मध्ये सर्वोच्च न्यायालयात अडचणीत आली. अभियांत्रिकीच्या यादीत ते अक्षर टिकून राहिलं. एकाच शाखेचे ‘एच’ आणि ‘ओ’ हे दोन आकडे शेजारी ठेवले, की त्या गावाकडे बाहेरून किती मुलं यायला बघतात ते कळतं. त्यासाठी दुसरा अहवाल लागत नाही.

प्रवर्गांच्या आकड्यांबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण तिच्यावरून पंगतीत ताटं आपटलेली मी पाहिली आहेत. आयआयटी आणि एनआयटीच्या यादीत राखीव प्रवर्गापुढे छापलेला क्रमांक हा त्या प्रवर्गातला क्रमांक असतो, देशातला नव्हे. खुल्या गटाच्या ६८शी ओबीसीचा ४० ताडून बघणं म्हणजे रुपये आणि डॉलर यांची बेरीज करणं. शिवाय खुल्या जागा कुणा एका समाजाच्या नाहीत; त्या सर्वांना खुल्या आहेत. त्या यादीतला शेवटचा क्रमांक कुठल्या घरातल्या मुलाचा आहे, हे आकड्यावरून कळत नाही.

इथवर ज्या कटऑफविषयी लिहिलं तो शेवटच्या प्रवेशाचा. याच नावाने दुसरी एक गोष्ट वावरते, आणि ती मात्र खरोखर कुणीतरी खुर्चीत बसून ठरवतं : पात्रतेचे किमान गुण. या दुसऱ्या कटऑफचा इतिहास २००६ सालाशिवाय सांगता येत नाही.

त्या वर्षी आयआयटीची जेईई एकाच टप्प्यात, वस्तुनिष्ठ प्रश्नांची झाली. संयोजन खरगपूरच्या आयआयटीकडे होतं. प्रत्येक विषयाला १८४ गुण. त्याआधी या परीक्षेत मुलाला आपला क्रमांक कळे, गुण कळत नसत. किती गुणांना पात्रता ठेवली हेही बाहेर येत नसे. पण १२ ऑक्टोबर २००५पासून माहिती अधिकाराचा कायदा लागू झाला होता. खरगपूरच्याच आयआयटीतले संगणकशास्त्राचे प्राध्यापक राजीव कुमार यांनी या कायद्याखाली आपल्याच संस्थेला अर्ज केले. उत्तरांतून जे आकडे बाहेर आले ते असे : गणित ३७, भौतिकी ४८, रसायन ५५ आणि एकूण १५४. या चारही अटी पाळायच्या. म्हणजे तीन विषयांत मिळून दोनशेच्या वर गुण असलेला मुलगा रसायनात ५४ मिळाले म्हणून बाहेर, आणि १५४वाला आत.

नियम कडक असायला माझी हरकत नाही. प्रश्न होता, ५५च का? गणिताला ३७ पुरतात तर रसायनाला ५५ कुठून आले? संस्थेने हिशेबाची पद्धत सांगितली. राजीव कुमार यांनी त्या पद्धतीने आकडे काढून दाखवले आणि जाहीर कटऑफ त्यातून येत नाहीत असा दावा केला. खुलासे बदलत गेले, प्रकरण कोर्टात गेलं. त्या वर्षीच्या मुलांना त्याचा उपयोग झाला नाही. ती केव्हाच दुसऱ्या महाविद्यालयांत रुजू झाली होती. पण त्यानंतरच्या वर्षांत गुण, किमान गुणांचे निकष, उत्तरसूची या गोष्टी बाहेर येऊ लागल्या. आज परीक्षा झाल्यावर मुलगा स्वतःचा उत्तरांचा कागद आणि उत्तरसूची शेजारी ठेवून निकालाआधीच हरकत नोंदवतो, आणि त्याला यात काही विशेष वाटत नाही. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर अख्खं आयुष्य घालवणाऱ्या संशोधकांची परंपरा आपल्याकडे आहे. चार आकडे मिळवण्यासाठी आपल्याच संस्थेशी वर्षानुवर्षं भांडणाऱ्या या माणसाचं काम मला त्याच जातीचं वाटतं.

पहिल्या प्रकारच्या कटऑफमध्येही एक बदल घडला, पण गाजावाजा न होता. २०१५पर्यंत आयआयटी आणि एनआयटी यांचे प्रवेश वेगळे चालत. एकच मूल दोन्हीकडे जागा अडवून बसे, मग एक सोडे, आणि सुटलेली जागा पुष्कळदा रिकामीच राही. त्या वर्षी दोन्हींचं जागावाटप एकत्र झालं. त्यामागचं गणित कानपूर आयआयटीचे सुरेंदर बासवना, मुंबई आयआयटीचे शरत चंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवलं. त्याची मुळं गेल आणि शॅप्ली या दोन गणितज्ञांच्या १९६२च्या एका छोट्या निबंधात आहेत. सार असं, की मुलाने आपली खरी आवड खऱ्या क्रमाने लिहावी. मोठी शाखा वर लिहिल्यामुळे खालची हातातून जाणार नाही.

हे गणित घरोघरी पोचलेलं नाही. गेल्या वर्षीचा कटऑफ समोर ठेवून ‘हे आपल्याला मिळणार नाही’ म्हणत आवडीची नावं खोडणारे पालक मी दरवर्षी बघतो. एका मुलीचा क्रमांक आदल्या वर्षीच्या ठशाच्या साठ पावलं मागे होता, म्हणून तिच्या वडलांनी ते महाविद्यालय यादीतच घातलं नाही. त्या वर्षी ते तिच्या क्रमांकाच्याही पुढे जाऊन बंद झालं. वडलांना ते कळलं ऑगस्टमध्ये. बरं, त्यांनी बघितलेली यादी पहिल्या फेरीची होती. जागा सुटत जातात तसा आकडा फेरीगणिक मागे सरकतो, आणि वर्तमानपत्रात बातमी होते ती बहुधा पहिल्या फेरीची.

महाराष्ट्रात २०२५पासून चार फेऱ्या आहेत, आणि पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसरीत पहिल्या तिनांपैकी, तिसरीत पहिल्या सहांपैकी एखादी मिळाली तर ती पक्की धरली जाते. यामुळे अनेकांची घाबरगुंडी उडाली. माझ्या मते पहिल्या फेरीपुरतं तरी घाबरायचं कारण नाही. पहिली म्हणून जी लिहिली ती खरोखर पहिली असेल तर अडकण्यात वाईट काय? मात्र दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर सहज म्हणून नावं भरण्याची सवय आता महागात पडते.

मुलींच्या बाबतीत २०१८ हे साल लक्षात ठेवावं. आयआयटींत मुलींचं प्रमाण वाढावं म्हणून त्या वर्षी अधिसंख्य जागा निर्माण केल्या. १४ टक्क्यांचं लक्ष्य ठेवून सुरुवात झाली, २०२०मध्ये ते २० टक्क्यांवर नेलं. जागा वाढवून दिल्या, मुलांच्या कापल्या नाहीत. यादीत तेव्हापासून प्रत्येक शाखेला दोन ओळी दिसतात.

शेवटी यादीच्या तळाशी जाऊ, तिथे सहसा कुणी जात नाही. गेल्या दशकात राज्यातल्या अनेक खासगी महाविद्यालयांत मिळून हजारो जागा रिकाम्या राहिल्या. त्यांच्यापुढेही कटऑफच्या रकान्यात एक आकडा छापलेला असतो, त्याच टाइपात, त्याच रेघेवर, पुण्याच्या सीओईपीच्या खाली पन्नास पानांवर. पण साठ जागांच्या वर्गात अकराच मुलं आली असतील, तर तो आकडा कुणासाठी दार बंद करत नव्हता. आलेल्या अकरांतल्या सर्वांत मागच्या मुलाचा तो क्रमांक. यादी ते सांगत नाही. भरलेल्या जागा वेगळ्या तक्त्यात शोधाव्या लागतात. आणि काही शाखांपुढे तर आकडाही नसतो, नुसती आडवी रेघ.