येरवड्याचे दोन दरवाजे

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी माझा रूममेट एका दिवसात हॉस्टेलमधून नाहीसा झाला. त्याच्या कपाटात फॉइलचे काळवंडलेले तुकडे सापडले होते. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील गावाहून आले आणि गादी गुंडाळून त्याला घेऊन गेले. रेक्टर म्हणाले, पोलिसांत दिलं नाही हे उपकार समजा. आम्ही समजलो. 'उपचार' हा शब्द त्या दिवशी कुणाच्याच तोंडून आला नाही, माझ्याही नाही.

पुढे नोकरीला लागल्यावर मी अमली पदार्थांचा कायदा वाचून काढला. जुना कोड हातात आला की कुठली ओळ कधी आणि का घातली हे बघायची आम्हाला सवयच असते. कायदाही तसाच वाचला.

हेरॉइन प्रथम १८७४ साली लंडनमध्ये तयार झालं. १८९८पासून बायर कंपनी ते चक्क खोकल्याचं औषध म्हणून विकत होती. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत ते आलं ते १९८०नंतर, अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या बाजूने, ब्राऊन शुगर म्हणून. लोक त्याला गर्द म्हणू लागले. पुडी पन्नीवर टाकायची, खालून काडी धरायची आणि धूर ओढायचा. काही दिवसांनी मजा संपते आणि 'टर्की' टाळण्यासाठी ओढावं लागतं. टर्की म्हणजे गर्द न मिळाल्यावरची अवस्था. नाक-डोळे गळतात, हाडं मोडून येतात, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. शरीराचा हा त्रास काही दिवसांत ओसरतो, ओढ मात्र राहते. घरच्यांची फसगत इथेच होते. पोरगा जेवायला लागला, म्हणजे सुटला, असं त्यांना वाटतं.

या गर्दला १९८५-८६च्या काही महिन्यांत दोन उत्तरं मिळाली. नोव्हेंबर १९८५मध्ये एनडीपीएस कायदा लागू झाला. व्यापाऱ्याला किमान दहा वर्षं, आणि ओढणाऱ्यालाही तुरुंग. दुसरं उत्तर पुण्यातलं. अनिल अवचट हे वैद्यकीची पदवी असूनही पत्रकारितेत रमलेले. ते गर्दुल्ल्यांमध्ये फिरले, त्यांच्याशी बोलले आणि त्यावर लिहिलं. 'गर्द' हे त्यांचं पुस्तक. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक पाठबळ दिलं आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं.

'येरवड्याला पाठवा' याचे पुण्यात दोनच अर्थ होते. एक वेड्यांच्या इस्पितळात, दुसरा जेलमध्ये. व्यसनी माणसाला घरचे दोन्ही अर्थांनी तिथेच पाठवायला निघालेले असत. मॅडमनी (त्यांना सगळे मॅडमच म्हणत) पहिल्याच दरवाजातून माणूस आत घेतला, पण वेडा म्हणून नाही, आणि गुन्हेगार म्हणून तर नाहीच. मला सगळ्यात धाडसाची गोष्ट वाटते ती वेगळीच. बरे झालेले रुग्ण तिथेच समुपदेशक झाले. काल ज्याच्यावर घरातलं भांडं सोडून जायलाही कुणी विश्वास ठेवला नसता, त्याच्या हाती नव्या रुग्णाला सोपवायचं! बायकांसाठी 'सहचरी' गट निघाला, कारण घर ज्या बाईच्या जिवावर चालत होतं तिला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. डॉ. अनिता १९९७ साली कर्करोगाने गेल्या. मुक्तांगण नंतर येरवड्यातच स्वतःच्या इमारतीत गेलं, आणि आजही सुरू आहे.

कायद्यात १९८९ साली दुरुस्ती झाली. त्यात काही गुन्हे पुन्हा करणाऱ्यांना फाशीची तरतूद आली आणि तिचा बराच गाजावाजा झाला. त्याच दुरुस्तीत कलम ६४अ आलं, त्याचा झाला नाही. व्यसनी माणूस आपणहोऊन सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर सेवनाबद्दल किंवा थोड्याशा मालाबद्दल त्याच्यावर खटला चालवू नये, असं ते सांगतं. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट काढून घेता येते.

मी ते कलम दोनदा वाचलं. म्हणजे त्या दिवशी पोलीस आले असते तरी एक वाट होती, आणि आम्ही सगळे मिळून ज्याला उपकार म्हणत होतो त्यात ती कुठेच नव्हती. त्याच्या वडिलांनी जाताना मला विचारलं होतं, "बाळा, आता याचं काय करायचं असतं?" मी म्हणालो, "काका, थोडे दिवस घरी ठेवा."

त्याचा जुना नंबर आता लागत नाही. व्यसनमुक्तीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४४६ हा नंबर माझ्या फोनमध्ये त्याच्या नावाखाली सेव्ह आहे.