तरफेची रायफल आणि खरेदीदाराची परीक्षा

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन शस्त्रनिर्मितीचा इतिहास लिहिताना शोधक आणि कारखानदार ह्यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे खरेदीदाराला मिळालेले नाही. वस्तुतः शस्त्र विकत घेण्यापूर्वी त्याच्या यंत्ररचनेची जी परीक्षा होते, तिच्यात त्या काळाचे युद्धविषयक विचार आणि द्रव्यबळ, दोन्ही प्रतिबिंबित होतात. तरफेच्या रायफलीच्या बाबतीत तर ही परीक्षा वादाचा विषय होऊन बसली आहे. १८६१ साली अमेरिकन संघराज्याच्या शस्त्रागार खात्याच्या प्रमुखाने ही रायफल नाकारली. त्याच्या दुराग्रहामुळे यादवी युद्ध लांबले आणि हजारो सैनिक प्राणास मुकले, असे लोकप्रिय इतिहासग्रंथांतून वारंवार सांगितले जाते. हा आरोप कितपत टिकतो हे ठरवावयाचे, तर प्रथम त्या रायफलीची रचना आणि मग तिच्याविषयी निरनिराळ्या खरेदीदारांनी विचारलेले प्रश्न, ह्या क्रमाने विचार करणे अवश्य आहे.

ह्या रचनेचा उगम वॉल्टर हंट ह्याने १८४८ व १८४९ साली घेतलेल्या पेटंटांत आहे. लुईस जेनिंग्स ह्याने तीत सुधारणा केली. होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन ह्यांनी १८५४ साली तिला पिस्तुलाचे रूप दिले. आणि १८५५ साली स्थापन झालेल्या व्होल्कॅनिक कंपनीने तिचा व्यापार आरंभिला. ह्या शस्त्रात दारू गोळीच्याच पोकळ बुडात भरलेली असे. ती इतकी अल्प होती की यंत्र चतुर असूनही बार दुबळा पडे. १८५७ साली ही कंपनी बुडाल्यावर तिचा भागीदार ऑलिव्हर विंचेस्टर ह्याने ती आपल्या हाती घेतली, आणि त्याच्या कारखान्यातील बेंजामिन टायलर हेन्री ह्याने १६ ऑक्टोबर १८६० रोजी आपल्या रायफलीचे पेटंट मिळविले. हेन्रीचा मुख्य पराक्रम यंत्रापेक्षा काडतुसात होता. मराठीतील ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तूश’पासून आला आणि त्या शब्दाच्या मुळाशी कागद आहे; कारण पूर्वी दारू व गोळी कागदात गुंडाळीत. शब्द तोच राहिला. वस्तू मात्र पालटली. हेन्रीच्या काडतुसाची पुंगळी धातूची होती आणि स्फोटक मसाला तिच्या बुडाच्या काठात बसविलेला होता. अशी टणक, सर्वत्र सारख्या मापाची वस्तू हाती आल्याखेरीज यंत्राने काडतूस उचलावे, ढकलावे आणि रिकामी पुंगळी ओढून बाहेर टाकावी, हे शक्यच नव्हते.

यंत्राची क्रिया अशी : चापाभोवतीचे कडे हीच तरफ होय. ती खाली ओढली म्हणजे बोल्टला जोडलेले दोन्ही बाजूंचे दुवे गुडघ्याप्रमाणे दुमडतात. बोल्ट मागे सरकतो. त्याच्या तोंडाशी असलेला आकडा रिकामी पुंगळी ओढून काढतो. मागे येणारा बोल्ट घोडा चढवितो. आणि नळीखालच्या नळकांड्यातून ठोकळ्यात आलेले नवे काडतूस त्या ठोकळ्याबरोबर वर उचलले जाते. तरफ वर घेताच दुवे पुन्हा सरळ होतात आणि बोल्ट काडतुसाला आत ढकलून बसतो. बार उडतो त्या क्षणी मागे येणारा सारा धक्का ह्या सरळ रेषेतील दुव्यांना व त्यांच्या खिळींना सोसावा लागतो. ताठ केलेला पाय पुष्कळ भार सहन करतो, तसाच हा प्रकार आहे. रचना दुबळी नव्हती. पण तिला दोन मर्यादा होत्या. एक, धक्का झेलणारे भाग अनेक आणि लहान होते. दुसरी, दुवे जेवढ्या अंतरात दुमडतात आणि ठोकळा जेवढा लांब असतो, तेवढ्याच लांबीचे काडतूस त्या यंत्रातून जाऊ शके. हेन्रीच्या काडतुसात सुमारे २६ ग्रेन दारू आणि २१६ ग्रेनची गोळी असे. उलट तत्कालीन पायदळाच्या तोंडाने भरावयाच्या स्प्रिंगफील्ड रायफलीत ६० ग्रेन दारू आणि सुमारे ५०० ग्रेनची गोळी जाई.

शस्त्रागार खात्याचा प्रमुख जेम्स रिप्ली हा यंत्रविद्येला अपरिचित नव्हता. १८४१ ते १८५४ ह्या काळात तो स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्याचा अधीक्षक होता. डिसेंबर १८६१ मध्ये हेन्री आणि स्पेन्सर ह्या दोन्ही रायफलींविषयी त्याने युद्धमंत्र्यांस अभिप्राय दिला. त्यातील आक्षेपांचा आशय असा : भरलेल्या स्थितीत शस्त्राचे वजन अधिक होते, त्याला स्वतंत्र काडतूस लागते आणि साधी दारूगोळी त्यात चालत नाही, घोड्यावरून नेताना नळकांड्यातील काडतुसे चेपली तर ती नळीत सुरळीत जातील की नाही, हे सिद्ध व्हावयाचे आहे, आत स्फोटक मसाला असलेली काडतुसे वाहून नेणे सुरक्षित आहे काय, हेही पाहिले पाहिजे, आणि नळकांड्यातील स्प्रिंग दीर्घ वापरानंतर कशी राहील, हेही अज्ञात आहे.

ह्या आक्षेपांची छाननी केली असता त्यांचे सरसकट मूल्यमापन करता येत नाही, असे दिसते. वाहतुकीतील धोक्याविषयीची शंका अनुभवाने निराधार ठरली. स्वतंत्र काडतुसाचा आक्षेप मात्र त्या वर्षी तरी अगदी वास्तव होता. निरनिराळ्या मापांच्या बंदुका घेऊन सैन्य उभे राहत असताना आणखी एका मापाची भर घालणे हे पुरवठ्याच्या दृष्टीने साहसच होते. शिवाय कारखान्याची शक्ती अल्प होती. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने स्पेन्सरच्या १०,००० रायफलींची मागणी नोंदविली. परंतु त्यांतील पहिल्या हाती पडावयास एक वर्ष लागले. हेन्रीच्या सर्व मिळून सुमारे १४,००० रायफलीच १८६६ पर्यंत तयार झाल्या आणि युद्धकाळात सरकारने त्यांपैकी १,७३१ विकत घेतल्या. तेव्हा, होकार मिळाला असता तर १८६२ मध्येच लाखोंचे सैन्य तरफेच्या रायफलींनी सज्ज झाले असते, ही कल्पना आकड्यांपुढे टिकत नाही.

तथापि रिप्लीचा दोषही लपविण्याजोगा नाही. जे प्रश्न प्रयोगाने सुटावयाचे आहेत असे त्याने स्वतःच लिहिले, ते सोडविण्याची निकड त्याने दाखविली नाही. मे १८६२ मध्ये वॉशिंग्टनच्या नौदल गोदीत झालेल्या परीक्षेत हेन्रीच्या रायफलीतून १८७ बार ३ मिनिटे ३६ सेकंदांत उडाले. मात्र पुन्हा भरण्यास लागलेला वेळ त्यात धरलेला नाही. एकंदर १,०४० बार झाले. वेगाविषयीची शंका ह्यामुळे फिटली. पण चिखलाविषयीची फिटली नाही. हेन्रीच्या नळकांड्याला खालून उभी फट होती. तीतून स्प्रिंगवरील दट्ट्याचे बोंड सरकत असे, आणि तीतूनच धूळही आत शिरे. सैनिकांनी मात्र आपली परीक्षा आपणच केली. महिना १३ डॉलर वेतनाच्या काळात चाळीस डॉलरांहून अधिक किंमत मोजून सातव्या इलिनॉय पायदळाच्या शिपायांनी हेन्री रायफली पदरच्या पैशाने घेतल्या आणि ५ ऑक्टोबर १८६४ रोजी अलातूनाच्या खिंडीत त्यांच्या बळावर ठाणे राखले. ज्याला केवळ आपली काडतुसे सांभाळावयाची आहेत आणि ज्याला एका समग्र सैन्याची पुरवावयाची आहेत, त्या दोघांचा प्रश्न एक नसतो. शिपायाचा निर्णय बरोबर होता. पण तेवढ्यावरून खात्याचा प्रश्न खोटा ठरत नाही.

१८६६ साली नेल्सन किंग ह्याने चौकटीच्या उजव्या बाजूस झडपेचे दार बसवून नळकांडे बंद केले. धूळ शिरण्याचा मार्ग खुंटला आणि रिप्लीच्या काळातील एक खरी उणीव नाहीशी झाली. ह्या नव्या रायफलीचा मोठा ग्राहक अमेरिकेबाहेर निघाला. तुर्की साम्राज्याने १८७०-७१ च्या सुमारास ४५,००० लांब रायफली आणि ५,००० आखूड कार्बाइन खरेदी केल्या. त्याबरोबर दूर पल्ल्यासाठी पीबॉडी-मार्टिनी ही एकबारी रायफलही स्वतंत्रपणे घेतली. ३० जुलै १८७७ रोजी प्लेव्ना येथे उस्मान पाशाच्या सैन्याने रशियनांचा हल्ला परतविला, त्या वेळी दुरून मार्टिनीचा आणि जवळ आल्यावर विंचेस्टरचा मारा होत होता. शेजारी काडतुसांचा मुबलक साठा होता. त्या एका दिवसात रशियनांची हानी सात हजारांहून अधिक झाली. प्लेव्ना हा केवळ तरफेच्या रायफलीचा विजय होता, असे समजणे चुकीचे आहे. तुर्कांनी तिच्याकडून तिला झेपेल तेवढेच काम घेतले. आणि खंदकात बसलेल्या सैन्याला पुरवठ्याची अडचण प्रारंभी जाणवली नाही, ह्याचेच श्रेय अधिक आहे.

अमेरिकन सैन्याने मात्र ह्या मध्यंतरी निराळी दिशा धरली होती. जनरल आल्फ्रेड टेरी ह्याच्या अध्यक्षतेखालील मंडळाने १८७२-७३ मध्ये अनेक शस्त्रे तपासून एकबारी स्प्रिंगफील्ड रायफल पसंत केली. तिच्या काडतुसात ७० ग्रेन दारू आणि ४०५ ग्रेनची गोळी होती. त्याच वर्षी बाजारात आलेल्या विंचेस्टरच्या नव्या नमुन्यात ४० ग्रेन दारू आणि २०० ग्रेनची गोळी मावे. १८७६ साली कंपनीने तीच रचना मोठ्या आकारात काढली. कॅनडाच्या वायव्य घोडदळ पोलिसांनी ती घेतली. परंतु लष्करी काडतूस तिच्याही यंत्राला लांब पडे, म्हणून आखूड व जाड काडतूस वेगळे बनवावे लागले. दुमडत्या दुव्यांची मर्यादा येथे उघड झाली : काडतूस वाढवावे तर दुवे वाढतात, दुवे वाढले की चौकट वाढते, आणि शस्त्र अवजड होत जाते.

ही कोंडी जॉन ब्राउनिंग ह्याने फोडली. त्याच्या १८८४ च्या पेटंटावर आधारलेल्या १८८६ च्या नमुन्यात तरफ कायम राहिली, पण दुवे गेले. बोल्टच्या दोन्ही बाजूंस उभ्या सरकणाऱ्या दोन भक्कम पट्ट्या चौकटीत व बोल्टमध्ये एकाच वेळी अडकू लागल्या. धक्का आता खिळींवर न येता थेट चौकटीवर आला. लष्करी काडतूसही ह्या यंत्रात सहज मावले. १८९४ च्या नमुन्यात हेच तत्त्व अधिक साधे झाले, आणि १८९५ मध्ये धूरविरहित दारूचे काडतूस त्यास मिळाले. तरीही नळकांड्याचा एक प्रश्न शिल्लक होता. त्यात काडतुसे एकामागे एक असतात. हेन्रीचा मसाला काठात होता. पण पुढे टोपी बुडाच्या मध्यभागी आली. मागच्या गोळीचे टोक पुढच्या टोपीला टेकत असल्यामुळे टोकदार गोळी तेथे धोक्याची ठरली. ब्राउनिंगच्या १८९५ च्या नमुन्यात म्हणून नळकांड्याऐवजी उभी पेटी आली. आणि पहिल्या महायुद्धात शस्त्रांच्या टंचाईने गांजलेल्या रशियाने आपल्या काडतुसासाठी त्याच नमुन्याच्या सुमारे तीन लाख रायफली मागविल्या. पण तोवर बोल्ट हाताने फिरवून पुढच्या टोकाशी अडकविण्याच्या रायफली जगभर रूढ झाल्या होत्या. जमिनीवर पालथे पडलेल्या शिपायाला खाली झुकणारी तरफ अडचणीची होती, हेही त्यामागील एक कारण होते.

ह्या अर्धशतकाकडे एकत्र पाहिले म्हणजे परीक्षेचे मर्म स्पष्ट होते. बारांचा वेग प्रत्येकाच्या नजरेत भरे, आणि नौदल गोदीतील परीक्षा त्यावरच केंद्रित झाली. शस्त्राचे भवितव्य मात्र दुसऱ्या दोन गोष्टींनी ठरविले : बार उडताना बोल्टला काय अडवून धरते, आणि ते यंत्र केवढे काडतूस गिळू शकते. ह्या दोन प्रश्नांची उत्तरे १८६१ मध्येही चौकट उघडून मिळाली असती. रिप्लीने वजन, वाहतूक व स्प्रिंग ह्यांविषयी लिहिले. पण २६ ग्रेनचे काडतूस पायदळाच्या पल्ल्याला पुरेल काय आणि मोठे काडतूस ह्या रचनेत मावेल काय, हा त्याच्या नकाराचा सर्वांत बळकट आधार त्याच्या आक्षेपांत आढळत नाही. त्याचा निर्णय सैन्याच्या सर्वसामान्य शस्त्रापुरता समर्थनीय होता; त्याची परीक्षा मात्र अपुरी होती. निर्णय आणि परीक्षा ह्यांतील हा भेद न केल्यामुळे त्याचे टीकाकार व समर्थक दोघेही एकाच ठिकाणी घसरले आहेत. शस्त्रखरेदीचे कागद वाचताना अभ्यासकाने ‘घेतले की नाकारले’ एवढ्यावर न थांबता कोणता प्रश्न विचारला गेला आणि कोणता राहून गेला, हे पाहिले पाहिजे. कारण राहून गेलेल्या प्रश्नाची किंमत कागदावर नव्हे, रणांगणावर शिपायाला मोजावी लागते.