मधुमेही पाद

मधुमेही पाद : दीर्घकाळच्या मधुमेहामुळे पावलात उद्‌भवणारे व्रण, संक्रामण व कोथ (रक्तपुरवठा खुंटून ऊतकांचा होणारा मृत्यू) यांना मिळून ही संज्ञा लावतात. तंत्रिकांच्या ऱ्हासाने पावलाची संवेदना नष्ट होते आणि रोहिण्या अरुंद झाल्याने रक्तपुरवठा अपुरा पडतो. या दोन कारणांपैकी पहिल्याचे खरे महत्त्व वैद्यकाला फार उशिरा उमगले आणि तोवर असंख्य रुग्णांना पाय गमवावे लागले.

मधुमेह व कोथ यांचा संबंध एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच वैद्यांनी दाखवून दिला होता. इंग्लंडमधील टॉमस डेव्हिस प्राइस यांनी १८८७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एका मधुमेही रुग्णाच्या दोन्ही तळपायांवरील खोल व्रणांचे वर्णन केले व त्यांचा संबंध तंत्रिकाविकृतीशी जोडला. हे निरीक्षण अचूक होते. परंतु त्याचा पाठपुरावा झाला नाही. त्या काळी तीव्र मधुमेहाचे रुग्ण पुष्कळदा बेशुद्धावस्थेत दगावत, त्यामुळे पावलाकडे कोण पाहणार?

इन्शुलिनाचा शोध १९२१ मध्ये टोराँटो येथे लागला आणि चित्र पालटले. रुग्ण अधिक वर्षे जगू लागले, तसे पायांचे विकार वाढले. बॉस्टन येथील इलियट जॉस्लिन यांनी १९३४ मध्ये या धोक्याकडे लक्ष वेधले. कोथ ही दैवी आपत्ती नसून टाळता येण्याजोगी गोष्ट आहे, असे त्यांचे आग्रही प्रतिपादन होते. पाय रोज धुणे, तपासणे व योग्य पादत्राणे वापरणे हे शिक्षण रुग्णाला दिलेच पाहिजे, असे ते मानत.

पुढील निर्णायक प्रगती मधुमेहाच्या अभ्यासातून नव्हे, तर कुष्ठरोगाच्या अभ्यासातून झाली. पॉल ब्रँड हे तमिळनाडूत जन्मलेले ब्रिटिश अस्थिशल्यविशारद १९४६ पासून वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करीत होते. कुष्ठरोग्याचे मांस मूलतःच सडके असते, हा समज त्यांनी खोडून काढला. वेदना न जाणवल्याने रुग्ण त्याच जागेवर पुन्हापुन्हा भार देत चालतो आणि त्यामुळे व्रण होतो. प्लॅस्टरच्या साच्यात पाय बसवून भार सर्व तळव्यावर विभागला, की तोच व्रण भरून येतो, हे त्यांनी दाखविले. मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या चपलाही वेल्लोरमध्ये तयार झाल्या. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेतील कार्व्हिल (लुइझिअ‍ॅना) येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि हेच तत्त्व तेथे मधुमेही पावलांनाही लावण्यात आले. संवेदना पारखण्यासाठी दहा ग्रॅम भाराने वाकणारा नायलॉनचा धागा आज सर्वत्र वापरतात. त्याची उपयुक्तता दाखविणारा १९८६ चा अभ्यासही कार्व्हिल येथीलच होय. सेंट लुइस येथील १९८९ च्या तुलनात्मक चाचणीत प्लॅस्टरच्या साच्याने २१ पैकी १९ व्रण भरले, तर नेहमीच्या मलमपट्टीने १९ पैकी केवळ ६.

दरम्यान एका चुकीच्या मताने बरेच नुकसान केले. मधुमेहात पावलातील अतिसूक्ष्म रक्तवाहिन्याच बंद पडतात व त्यावर उपाय नाही, असे १९५९ च्या एका संशोधनावरून मानले गेले. परिणामी निराशेने पाय कापण्याकडे कल वाढला. लोगर्फो व कॉफमन यांनी १९८४ मध्ये हे मत खोडून काढले आणि मोठ्या रोहिण्यांतील अडथळा दूर करण्याच्या शस्त्रक्रियांना चालना मिळाली. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात १९८१ मध्ये पावलांसाठी स्वतंत्र चिकित्सालय सुरू झाले होते. कोथामुळे होणारी पायांची अंगच्छेदने पाच वर्षांत निम्म्याने घटवावीत, असे उद्दिष्ट १९८९ च्या सेंट व्हिन्सेंट जाहीरनाम्याने ठरविले.

भारतात अनवाणी चालण्याची सवय, देवळातील तापलेली फरशी व काटेकुटे यांमुळे संवेदनाहीन पावलाला विशेष धोका असतो. कुरूप किंवा घट्टा घरीच कापणे हेही व्रणाचे एक नेहमीचे कारण आहे. नागपूरचे मधुमेहतज्ज्ञ शरद पेंडसे यांनी टांझानियातील झुल्फिकारअली अब्बास यांच्यासह डॉक्टर व परिचारिका अशा जोड्यांना एकत्र प्रशिक्षण देण्याची योजना आखली. तिचा वृत्तांत २००७ मध्ये प्रसिद्ध झाला असून अल्प साधनांच्या देशांसाठी ती नमुना ठरावी, अशी अपेक्षा त्यात आहे.