ॲनी मॉन्डर: वऱ्हाडातल्या तळणीतून सूर्याचा लांबलचक किरण टिपणाऱ्या हौशी खगोलनिरीक्षक

२२ जानेवारी १८९८. चंद्राची सावली कोकणात विजयदुर्गापाशी किनाऱ्याला लागली, घाट चढून सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून गेली आणि वऱ्हाडातून पुढे बिहारकडे सरकली. या पट्ट्यात युरोप-अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जागोजागी तळ ठोकून होते. वऱ्हाडातल्या तळणी गावात मात्र ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या हौशी मंडळींच्या संस्थेची तुकडी उतरली होती. त्यात ॲनी मॉन्डर होत्या.

हौशी कशा?

ॲनी यांचा जन्म १८६८ चा, आयर्लंडमधल्या स्ट्रबेनचा. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात त्यांनी गणिताची परीक्षा उत्तम गुणांनी दिली, पण त्या काळी केंब्रिज विद्यापीठ बायकांना पदवी देत नसे. १८९१ पासून त्या ग्रीनिचच्या शाही वेधशाळेत महिना चार पौंडांवर आकडेमोड करत आणि सूर्याचे फोटो घेत. तिथलेच एडवर्ड मॉन्डर यांच्याशी १८९५ मध्ये लग्न झाले आणि नियमाप्रमाणे त्यांना नोकरी सोडावी लागली. म्हणजे सूर्याच्या छायाचित्रणातली एक कसलेली व्यक्ती केवळ लग्नामुळे ‘हौशी’ ठरली. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तर त्याआधी, १८९२ मध्येच, त्यांना सदस्यत्व नाकारले होते.

छोट्या कॅमेऱ्याची करामत

तळणीला ॲनी यांच्याजवळ गर्टन कॉलेजच्या अनुदानातून घेतलेला स्वतःचा कॅमेरा होता. त्याचे भिंग दीड इंच व्यासाचे आणि नाभीय अंतर सुमारे नऊ इंच. त्याच दिवशी जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेने तब्बल ४० फूट लांबीचा कॅमेरा उभारला होता. त्याचे भिंग पाच इंचांचे.

आता थोडे गणित. ४० फुटी कॅमेऱ्यात सूर्यबिंब चार इंचांहून मोठे उमटते, ॲनी यांच्या कॅमेऱ्यात फक्त दोन मिलिमीटरचे. पण मोठ्या चित्रात तोच प्रकाश पसरून पातळ होतो. पसरट वस्तूचे चित्र किती उजळ येईल, हे नाभीय अंतराला भिंगाच्या व्यासाने भागून कळते, आणि हा भागाकार जितका लहान तितके चित्र उजळ. जेऊरला तो ९६ होता, तळणीला ६. म्हणजे काचेच्या प्लेटवर तळणीचे चित्र सुमारे अडीचशे पट उजळ पडत होते. अर्थात जेऊरचा कॅमेरा काही चुकीचा नव्हता. सूर्याच्या कडेजवळचे बारकावे टिपायला तोच हवा.

ॲनी यांना हवी होती दुसरीच गोष्ट. खग्रास स्थितीत सूर्याभोवती जे मोत्यासारखे तेज दिसते तो किरीट, म्हणजेच करोना. कडेजवळ तो प्रखर असतो, पण बाहेर जाताना झपाट्याने, हजारो पटींनी मंद होतो. त्याचा बाहेरचा भाग पकडायचा तर उजळ चित्र आणि रुंद आकाश दोन्ही लागते. हाताशी वेळ होता जेमतेम दोन मिनिटांचा.

त्या दोन मिनिटांत प्लेटवर उतरलेला एक किरण सुमारे एक कोटी किलोमीटर लांब भरला. तोवर कुणाच्याही छायाचित्रात किरीटाचा एवढा लांब किरण आला नव्हता. सूर्याचा पसारा त्याच्या तबकडीपाशी संपत नाही, याचा हा ढळढळीत पुरावा. पुढे १९०४ च्या सुमारास एडवर्ड मॉन्डर यांनी पृथ्वीवरची चुंबकीय वादळे सूर्याच्या सुमारे २७ दिवसांच्या फेरीशी जोडली आणि सूर्यावरून अरुंद झोतांत काहीतरी बाहेर पडते असे मांडले. तेव्हा असे लांब किरण त्या विचाराला पूरक ठरले. सौरवाऱ्याची रीतसर मांडणी युजीन पार्कर यांनी केली ती १९५८ मध्ये.

सौरडागांचा प्रसिद्ध ‘फुलपाखरू आलेख’ही या जोडप्याचाच. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने ॲनी यांना अखेर १९१६ मध्ये सदस्य करून घेतले, पहिल्या नकारानंतर चोवीस वर्षांनी.

आजचे हौशी काय करतात?

किरीटाची अडचण आजही तीच आहे, कारण एकाच फोटोत आतला आणि बाहेरचा भाग नीट येत नाही. त्यामुळे हौशी छायाचित्रकार सेकंदाच्या हजाराव्या भागापासून काही सेकंदांपर्यंत वेगवेगळ्या एक्स्पोजरचे डझनावारी फोटो घेतात आणि संगणकावर एकत्र जुळवतात. फिल्टरचा नियम मात्र पक्का. कॅमेऱ्यासमोरचा सौर फिल्टर फक्त खग्रास स्थितीत काढायचा आणि सूर्याची कड पुन्हा चमकण्याआधी परत लावायचा. खंडग्रासात तो एक क्षणही काढायचा नाही. ग्रहणाचा चष्मा लावून कॅमेऱ्यात किंवा दुर्बिणीत डोकावणेही घातकच, कारण एकवटलेला प्रकाश चष्म्याला भेदून डोळ्यापर्यंत पोचतो.

महाराष्ट्रातून २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर सूर्यग्रहण दिसेल ते खंडग्रास, तेही ढग बाजूला झाले तर. खग्रास पाहायला त्या दिवशी इजिप्तमधल्या लक्सरसारखे ठिकाण गाठावे लागेल. तिथे खग्रास स्थिती सहा मिनिटांहून जास्त वेळ टिकणार आहे, तळणीच्या जवळपास तिप्पट.