गोधूमाची वंशावळ

इतिहासाची साधनें म्हटलीं कीं ताम्रपट, शिलालेख व दप्तरें आपल्या डोळ्यांपुढें येतात. परंतु धान्याचा दाणाहि आपली वंशावळ पोटांत बाळगून असतो, व ती वाचण्याची लिपि विसाव्या शतकांत उलगडली. त्या लिपीचें अक्षर म्हणजे पेशींतील गुणसूत्र होय.

ऋग्वेदांत 'यव' आहे, 'गोधूम' नाहीं. वाजसनेयी संहितेंत मात्र गोधूम स्पष्ट येतो. परंतु तो कोणता? खपली, बन्सी व पोळीचा सामान्य गहूं या तिहींनाहि तो एकच शब्द लागूं पडतो. येथें शब्दाची साक्ष खुंटते.

१९१८ सालीं जपानांतील साकामुरा यांनीं गव्हाच्या जातींचे १४, २८ व ४२ गुणसूत्रांचे तीन वर्ग दाखवून दिले. खपली व बन्सी २८ च्या, सामान्य गहूं ४२ च्या वर्गांतला. पुढें किहारा यांनीं या वर्गांचे संकर करून, कोणतीं गुणसूत्रें परस्परांशीं जोडी जमवितात हें पाहिलें. कारण जोडी जमणें हीच सगोत्रतेची खूण. २८ व ४२ यांच्या संकरांत १४ जोड्या जमतात व ७ गुणसूत्रें एकाकी राहतात. हीं सात कोणाचीं? १९४४ सालीं किहारा यांनीं जपानांत, आणि मॅक्फॅडन व सीअर्स यांनीं अमेरिकेंत, स्वतंत्रपणें एकच उत्तर दिलें: तीं एजिलॉप्स जातीच्या एका रानगवताचीं. मॅक्फॅडन व सीअर्स यांनीं तर २८ गुणसूत्रांच्या रानटी गव्हाशीं त्या गवताचा संकर करून ४२ गुणसूत्रांचा गहूं निर्माणहि केला.

यावरून इतिहासास उपयुक्त असा निर्णय निघतो. ४२ च्या वर्गाचा खरा रानटी गहूं कोठेंहि आढळत नाहीं. तेव्हां मनुष्यानें २८ च्या वर्गाचा गहूं कास्पियन समुद्राकडील प्रदेशांत नेला, तेथें शेताच्या बांधावरील गवताशीं त्याचा संयोग झाला व सामान्य गहूं जन्मास आला, असें मानणें प्राप्त होतें. अर्थात् खपलीचा वर्ग वडील व सामान्य गहूं धाकटा.

तथापि गुणसूत्रें नातें सांगतात, काळ सांगत नाहींत. तो उत्खननांतील जळक्या दाण्यांस विचारावा लागतो. म्हणून संहितेंतील गोधूम म्हणजे आपल्या ताटांतलाच गहूं, असें गृहीत धरणाऱ्या अभ्यासकानें शब्द, दाणा व गुणसूत्र या तिन्ही साक्षी एकत्र तपासाव्या, व मगच निर्णय द्यावा.